निखिलचं नाव कुणाच्या रिटर्नवर

कुवेतमध्ये पगारावर टॅक्स नाही, आणि मी तिथे टॅक्सचंच काम करत होते. नाशिकला परत आल्यापासून हे ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे नक्की काय करत होतात?" तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवते.

अमेरिकेच्या नागरिकाने जगात कुठेही कमावलं तरी त्याला दरवर्षी आपल्या सरकारकडे रिटर्न भरावं लागतं. आमचे इजिप्शियन मालक, उस्ताज समीर, म्हणायचे, "मदाम, अमेरिकन माणूस चंद्रावर नोकरीला लागला तरी तिथून हिशोब पाठवतो." कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं अकाउंट्सचं ऑफिस होतं. युद्ध संपल्यावर तेलाच्या कारखान्यांच्या दुरुस्तीला अमेरिकन कॉन्ट्रॅक्टर आले, त्यांच्या मुलांच्या शाळांसाठी शिक्षक आले आणि त्यांच्यामागून अमेरिकन पासपोर्ट मिळवलेले आपले देशी इंजिनियरही आले. ह्या सगळ्यांना रिटर्न भरून देणारं कुणीतरी हवं होतं. उस्ताजनी एक दिवस नियमांची जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही वाचा आणि मला सांगा." माझ्याकडे नाशिकचं बी.कॉम. होतं आणि याद्या करायची सवय होती. वाण्याची यादी, भारतात न्यायच्या वस्तूंची यादी, कुणाला काय द्यायचं त्याची यादी. टॅक्सचे नियम म्हणजे तरी काय, कशात काय धरायचं आणि काय नाही ह्याच्याच याद्या. मला काम आवडलं.

पहिल्यांदा हेवा कधी वाटला तेही सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि अमेरिकन सरकारने कॉलेजच्या फीवर टॅक्समध्ये सवलत द्यायला सुरुवात केली होती. त्याला ते क्रेडिट म्हणतात. साधी वजावट उत्पन्नातून होते. क्रेडिट सरळ भरायच्या टॅक्समधूनच कमी होतं, त्यामुळे त्याची किंमत जास्त. पहिल्या दोन वर्षांच्या फीला मोठं क्रेडिट आणि पुढच्या शिक्षणाला जरा लहान. मी ते पान वाचलं, परत वाचलं आणि संध्याकाळी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पोराला शिकवलं म्हणून सरकार आईबापाचा टॅक्स माफ करतं!"

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "आपल्याला कुठे टॅक्स आहे? आनंद मान."

"टॅक्स नाही म्हणून सूटही नाही. ऋजुताच्या फीचं काय?"

"म्हणजे तुला टॅक्स भरायचाय?"

भरायचा होता. टॅक्स भरणाऱ्यांचा हेवा करणारी बाई सगळ्या कुवेतमध्ये बहुधा मी एकटीच असेन. आमची ऋजुता त्या वर्षी बारावी झाली आणि पुण्याला इंजिनियरिंगला गेली. परदेशी राहणाऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेजने ठेवलेली वेगळी फी आम्ही भरली. तिला अमेरिकेला जायचं होतं, ते आम्हाला झेपणारं नव्हतं. तिच्याच वर्गातला निखिल खांबेटे मात्र अमेरिकेला गेला. बारावीला ऋजुताला निखिलपेक्षा चांगले मार्क होते. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण तिथे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

विनायकराव खांबेटे बरीच वर्षं टेक्ससला होते. त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं, निखिल तिथेच जन्मला आणि तो लहान असताना कंपनीने त्यांना कुवेतला पाठवलं. आम्ही सगळे हवल्लीत एकाच गल्लीत राहत होतो. त्यांची बायको शुभदाताई आणि मी मंडळाच्या कार्यक्रमांना बरोबर जायचो. आमच्या मुलांनी एका डब्यात खाल्लेलं. आणि आता निखिलच्या कॉलेजच्या फीची बिलं माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताखालून जाणार होती. त्या बिलांवर कॉलेजचं चित्र छापलेलं असायचं. हिरवळ आणि त्यामागे विटांची इमारत. ते चित्र मी जरूरीपेक्षा जास्त वेळ बघायचे.

शिक्षणाच्या सवलतीसाठी लोक काय काय घेऊन यायचे! एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या सोन्याची पावती आणली, का तर "शिकतेय तोवर ठेवलंय." एका बाईंनी मुलाला दिलेल्या प्रेशर कुकरचं बिल लावलं आणि "उपाशी राहून शिकेल का तो?" असं मलाच विचारलं. फी धरायची, राहणं, खाणं, विमान, कुकर, औषधपाणी धरायचं नाही. आपल्या लोकांची एक चूक मात्र दुसऱ्या कुणी केलेली मी पाहिली नाही. जानेवारीत भरायची फी डिसेंबरातच भरून मोकळं व्हायचं! "डोक्यावर कशाला ठेवायचं?" म्हणून. क्रेडिट ज्या वर्षी पैसे भरले त्या वर्षी मिळतं आणि त्याला वर मर्यादा असते. दोन सत्रांची फी एकाच वर्षात भरली की मर्यादेच्या वरचं सगळं वाया जातं आणि पुढच्या वर्षाला दाखवायला कमी उरतं. मी सांगायचे, "थोडं उशिरा भरा." आयुष्यात कधी कशाला उशीर न केलेली माणसं ती. त्यांना ते जमायचं नाही.

पण खरी अडचण वेगळी होती. परदेशात राहणाऱ्या नागरिकाला तिथला पगार ठरावीक रकमेपर्यंत टॅक्समधून वगळता येतो. विनायकरावांचा सगळा पगार असा वगळला जायचा, म्हणजे त्यांचा टॅक्स शून्य. शून्यातून क्रेडिट कसलं वजा करणार? निखिल मात्र तिकडे सुट्टीत रंगाच्या दुकानात आणि एरवी कॉलेजच्या लायब्ररीत काम करायचा. त्याच्या पगारातून टॅक्स कापला जायचा आणि क्रेडिट मागितलं तर तो परत मिळत होता. अट एकच होती. आईवडिलांनी आपल्या रिटर्नवर, अवलंबून असलेल्यांच्या रकान्यात, त्याचं नाव लिहायचं नाही. लिहिलं की क्रेडिटवरचा मुलाचा हक्क गेला.

इतकं सोपं. पण आपल्या बापांना ते सांगून बघा. एकजण उठून उभेच राहिले. "मी जिवंत असताना माझा मुलगा माझ्यावर अवलंबून नाही असं लिहून देऊ?" मी म्हणायचे, "लिहून द्यायचं नाही, नुसतं मोकळं सोडायचं. नाव सोडलं म्हणजे मूल सोडलं असं नाही." हे वाक्य मी तयार करून ठेवलं होतं आणि ते बहुतेकांना पटायचं. विनायकरावांना तर फोनवरच पटलं. "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. निखिलशी तुम्हीच बोला."

तर निखिलचे फोन मला यायला लागले. माझ्या संध्याकाळच्या पाळीला त्याची सकाळ असायची. आधी सगळं इंग्रजीत. "काकू, वन क्विक क्वेश्चन." मग हळूहळू मराठीत. लायब्ररीतल्या बाई कशा खोकतात, पोहे भिजवून किती वेळ ठेवायचे, रूममेटने त्याच्या लोणच्याच्या बरणीला काय नाव ठेवलंय. एकदा म्हणाला, "काकू, अक्कलदाढ काढली. फार दुखलं. हा खर्च धरता येतो का?"

"शिक्षणात नाही रे," मी म्हटलं. "गुळण्या कर, गरम पाण्याच्या."

ऋजुता शुक्रवारी हॉस्टेलवरून फोनवर बोलायची. बरी आहे, अभ्यास चाललाय, पैसे पोचले. दाढ काढली असती तर मला सहा महिन्यांनी कळलं असतं. पण निखिलचा फोन माझ्याकडे येत होता. अमेरिका त्यांच्याकडे, पासपोर्ट त्यांच्याकडे, विटांची इमारत त्यांच्याकडे, फोन माझ्याकडे. मला ते बरं वाटायचं.

त्याचं रिटर्न वेळेत गेलं, क्रेडिटसकट. त्याच सुमाराला चैत्रातलं हळदीकुंकू होतं. शुभदाताई कैरीची डाळ वाढत असताना मी त्यांना सहज विचारलं. सहजच विचारलं, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. "निखिलची दाढ आता कशी आहे?"

त्यांच्या हातातला डाव थांबला. "कुठली दाढ?"

"अहो, काढली ना त्याने. बरं वाटतंय ना आता?"

"हो, हो, बरी आहे," त्या म्हणाल्या. चार बायका बघत होत्या. नंतर त्यांनी माझ्या ताटलीत डाळ वाढली ती डावाच्या टोकाने.

बाहेरदेशी राहणाऱ्यांना रिटर्न भरायला जूनपर्यंत मुदत असते. खांबेट्यांचं रिटर्न मी तयार करून ठेवलं आणि ते न्यायला शुभदाताई एकट्या आल्या. एरवी विनायकराव यायचे. बसल्या, पाणी घेतलं नाही.

"तुम्हाला बराच फोन करतो वाटतं."

"टॅक्सचं विचारतो."

"दाढ टॅक्समध्ये येते?"

"नाही येत," मी म्हटलं. "तेच तर विचारत होता."

"आम्हाला शुक्रवारी करतो. 'हाय आई, ऑल गुड, बाबा आहेत का?' मग बाबांशी गाडीच्या टायरांबद्दल. की ठेवला." त्यांनी कागद उलटले आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे निखिलचं नाव नाही."

मी समजावलं. सगळा पगार वगळलाय, नाव लिहून तुमचा एक डॉलरही वाचत नाही, उलट त्याचं नुकसान. माझं वाक्यही म्हटलं.

"म्हणजे तिथल्या सरकारच्या लेखी मला मूलबाळ नाही."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. रकाना मोकळा आहे." त्यांनी कागद पिशवीत घातले. "ह्यांची सही घेते आणि मीच पोस्टात टाकते. तुम्हाला त्रास नको."

मग उन्हाळा गेला. ऑक्टोबरात एका संध्याकाळी निखिलचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"काकू, टॅक्सवाल्यांचं लेटर आलंय. क्रेडिट कॅन्सल. मिळालेले पैसे परत द्या, वर व्याज. म्हणतात, समवन क्लेम्ड मी."

"काय?"

"मला कुणीतरी क्लेम केलंय, काकू."

म्हणजे त्याचं नाव दुसऱ्या कुणाच्या रिटर्नवर होतं. कुणाच्या, ते मला लगेच कळलं. आणि त्यालाही कळलं होतं, कारण तो पुढे म्हणाला, "आय डोन्ट गेट इट. बाबा तर हो म्हणाले होते. माझ्यावर विश्वास नाही का त्यांचा?"

ते पैसे त्याने पुढच्या सत्राच्या पुस्तकांवर आणि खोलीच्या भाड्यावर घालवलेले होते. फी तेवढी बाबांची, बाकी सगळं माझं मी, असं त्याने जाताना सांगितलं होतं आणि दोन वर्षं पाळलं होतं. आता बाबांकडे मागावं लागणार होतं, आणि तो मागणार नव्हता. म्हणाला, "मी एक सेमेस्टर ड्रॉप करतो आणि फुल टाइम काम करतो. ठीक आहे, काकू. पण ह्यापुढे मला घरचं कुणी क्लेम करायला नको. घरी पण मी आता फोन करणार नाही."

"सत्रबित्र काही सोडायचं नाही," मी म्हटलं. "हे दुरुस्त होतं. परवा ह्याच वेळी इथे फोन कर. तोवर कुणालाच काही कळवू नकोस."

दुरुस्ती होते, पण ती ज्याने नाव लिहिलं त्यालाच करावी लागते. वेगळा फॉर्म असतो. त्यात आधी काय लिहिलं होतं, आता काय आणि बदलाचं कारण काय, हे लिहून सही करायची. मी विनायकरावांच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, "अशक्य. मी सही केली तेव्हा..." आणि थांबले. सही करताना त्यांनी काही वाचलं नव्हतं. पुरुष वाचत नाहीत.

ठरल्या दिवशी संध्याकाळी दोघंही ऑफिसात आले. विनायकराव खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "शुभदा, नाव तू लिहिलंस?"

"हो. काळ्या पेनने. बाकीच्या कागदासारखं अक्षर काढून."

"कशासाठी?"

"माझा मुलगा आहे म्हणून."

"अगं पण त्याला नोटीस आली! त्याचं सत्र बुडतंय!"

"ते मला काय माहीत? मला कोण सांगतं काय?" हे त्या विनायकरावांना म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. "सगळं इथे कळतं. इथे बसलं की माझ्या घरातलं कळतं."

मी फॉर्म पुढे केला. तो कसा भरायचा एवढं मला माहीत होतं. वरचे आकडे भरून झाले. कारणाच्या जागी मी मजकूर सांगितला, "मुलाचं नाव चुकून लिहिलं गेलं."

"चुकून नाही," शुभदाताई म्हणाल्या.

"अगं, सरकारला काय त्याचं!" विनायकराव वैतागले.

"मला आहे. चुकून नव्हतं लिहिलं, मुद्दाम लिहिलं होतं. 'चुकून' लिहिलं तर मी सही करणार नाही."

रिटर्न दोघांचं मिळून होतं, त्यामुळे त्यांची सही लागत होती. आणि कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. निखिलवर त्यांचा हक्क होताच. तो ह्या वेळी मागायचा की सोडायचा एवढाच प्रश्न होता. मी दुसरं वाक्य तयार केलं. "मुलाचं नाव मागण्याचा हक्क आईवडील सोडत आहेत."

"'ह्या वर्षापुरता' घाला," त्या म्हणाल्या.

घातलं. विनायकरावांनी सही केली. शुभदाताईंनी पेन हातात घेतलं आणि फोन वाजला.

"काकू?"

"हं. झालंय काम. आई इथेच आहे."

"व्हाय?" तो म्हणाला.

मी फोन त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार होते? त्यांनी तो कानाला धरला. मग म्हणाल्या, "मी लिहिलं रे. बाबांनी नाही. बाबांना माहीतही नव्हतं." तिकडून काहीतरी बरंच आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो. हो, तुझंच बरोबर. आता सही करतेय बघ. केली." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "पण दाढ काढलीस ते मला नको सांगायला? तुझ्या दुधाच्या दातांची डबी अजून माझ्या कपाटात आहे, गाढवा!"

मी उठून उस्ताजच्या खोलीत गेले. काचेतून दिसत होतं. विनायकरावांनी खुर्ची जवळ ओढली, शुभदाताई पदराने नाक पुसत हसत होत्या, मग हात हलवून पोहे कसे भिजवायचे ते सांगत होत्या. मी त्याला आधीच सांगितलेलं होतं. माझी रीत त्यांच्यापेक्षा चांगली आहे.

उस्ताज घड्याळाकडे बघत म्हणाले, "मदाम, अमेरिकेच्या फोनचे पैसे कोण भरतंय?"

"मुलगा. त्याचं कार्ड आहे."

"मग बोलू द्या," ते म्हणाले आणि मला चहा दिला.

घरी जाताना मी वाटेतल्या दुकानातून फोनचं कार्ड घेतलं आणि पुण्याच्या हॉस्टेलला फोन लावला. ऋजुता धावत आली. "आई, आज शुक्रवार नाही. काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दात-बित ठीक आहेत ना?"

"काय?" ती म्हणाली. मागून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. "आई, मला जायचंय. शुक्रवारी बोलू?"

दुरुस्ती मंजूर झाली, नोटीस मागे घेतली गेली आणि निखिलचं सत्र वाचलं. पुढच्या मार्चमध्ये मी त्याची फाइल काढून ठेवली, त्या वर्षीचे बदललेले नियम वाचले आणि संध्याकाळी फोनजवळचं टेबल घेतलं. फोन आला नाही. एप्रिलचा पहिला आठवडा गेला, तरी नाही.

मग एके दिवशी शुभदाताईच ऑफिसात आल्या. बरोबर एक नव्या बाई होत्या, अर्दिया भागात राहणाऱ्या. त्यांचे यजमान अमेरिकन पासपोर्टवाले आणि मुलगी नुकतीच तिकडे कॉलेजला गेलेली. शुभदाताईंनी त्यांना माझ्यासमोर बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आत समजवायला सुरुवात केली. पगार कसा वगळतात, शून्यातून क्रेडिट का जात नाही, रकाना मोकळा का ठेवायचा. एकही चूक नव्हती. शेवटी म्हणाल्या, "आणि मनाला लावून घेऊ नका. नाव सोडलं म्हणजे मूल सोडलं असं नाही."

नव्या बाई थक्क झाल्या. "तुम्हाला हे सगळं कसं माहीत हो?"

"आमचा निखिल सांगतो ना. एक दिवसाआड फोन असतो." मग माझ्याकडे वळून, "ह्या वर्षीचं रिटर्न त्याने स्वतःच कॉम्प्युटरवर भरलं, अनघाताई. मला एकेक ओळ वाचून दाखवली. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

मी नमस्कार घेतला. नवी फाइल उघडली, त्यावर मुलीचं नाव घातलं, आणायच्या कागदांची यादी बाईंना दिली. मग एका चिठ्ठीवर ऑफिसचा नंबर लिहिला, आणि संध्याकाळी किती ते किती मी असते तेही.

"हा मुलीला द्या," मी म्हटलं. "काही अडलं तर तिने थेट मला फोन करायचा. संकोच करू नको म्हणावं."

चिठ्ठी टेबलावर होती. नव्या बाईंनी हात पुढे केला, पण शुभदाताईंनी ती आधी उचलली, नीट दुमडली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"ह्यांच्या मुलीला काही अडलं," त्या म्हणाल्या, "की ती आधी आईला विचारेल. मग आम्ही बघू तुम्हाला विचारायचं का."